वाचकांचे प्रश्न : टाकी फुल आहे, पण पाण्याचं काय?

या वेळी बरीच पत्रं टाक्यांवरची आली. घराच्या गच्चीवरच्या छोट्या टाक्या नाही बरं का, पाणीपुरवठा योजनेतल्या मोठ्या टाक्या, खांबांवरच्या, जमिनीतल्या, टेकडीवरच्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत आणि नावगाव काढून टाकलंय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी एका छोट्या योजनेवर पंप ऑपरेटर आहे. आमची टाकी ४ लाख लिटरची आहे पण रोजचा वापर ६० हजारच्या आसपासच, कारण योजना पुढची लोकसंख्या धरून बांधलीय. साहेबांचा नियम असा की टाकी कायम फुल पाहिजे, त्यामुळे लेव्हल जरा उतरली की मी लगेच पंप लावतो. फिल्टरवरून (शुद्धीकरण केंद्रावरून) निघताना क्लोरीन ०.८ दाखवतो, टाकीच्या आउटलेटला ०.२ नाहीतर ०.१, आणि टेल एंडला, म्हणजे लाइनच्या शेवटच्या टोकाला, तर क्लोरोस्कोपमध्ये (क्लोरीन मोजायच्या किटमध्ये) रंगच येत नाही. सगळे म्हणतात टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) डोस वाढव. वाढवू का?

उत्तर : थांबा, डोसला हात लावायच्या आधी एक भागाकार करा. ४ लाखाला ६० हजारांनी भागा, जवळजवळ ७ येतात. म्हणजे तुमच्या टाकीतलं पाणी सरासरी सात दिवस आत बसून असतं, आणि ही सरासरी झाली, कोपऱ्यातलं पाणी त्याहून जुनं असणार. याला पाण्याचं वय म्हणतात आणि टाकीच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच विचारायचा, की बाबा तुझं वय किती. साधारण ३ ते ५ दिवसांत टाकीतलं सगळं पाणी बदललं गेलं पाहिजे असं या क्षेत्रात धरलं जातं, म्हणजे रोज निदान पाचवा हिस्सा, जमल्यास तिसरा हिस्सा.

क्लोरीन काही साठवून ठेवायची वस्तू नाही हो. तो पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी, लोखंडाशी, अमोनियाशी, टाकीच्या भिंतीवर धरलेल्या बुळबुळीत थराशी, तळाच्या गाळाशी, सगळ्यांशी भिडत भिडत संपत जातो आणि पाणी गरम असलं की अजून पटापट संपतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की क्लोरीन टाकल्यावर पीएच ८ च्या खाली असताना निदान अर्धा तास संपर्क होऊन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी मोकळा, म्हणजे कशाशी न जोडलेला, क्लोरीन उरला पाहिजे आणि ग्राहकाच्या नळाला कमीत कमी ०.२. तुमचा सुरुवातीचा आकडा चांगलाच आहे, तो टाकीत खर्च होतोय.

आता साहेबांना सांगायची गोष्ट. टाकी कायम फुल ठेवण्यामागे भीती असते की लाइट गेली तर काय, आग लागली तर काय. ती भीती खोटी नाही, पण त्यासाठी किती साठा लागतो हे एकदा कागदावर काढा. पंप बंद पडला तर दुरुस्तीला किती तास लागतात, तेवढ्या तासांचा वापर किती, अधिक आगीसाठीचा राखीव साठा. ही बेरीज समजा दीड लाख आली तर ४ लाखांचा हट्ट कशाला? टाकी २ लाखांच्या आसपास चालवली तर वय निम्म्यावर येतं, सव्वातीन दिवस. उन्हाळ्यात वापर वाढला की लेव्हल वर न्या, नंतर परत खाली आणा. फक्त लेव्हल उतरवली की टाकीखालच्या भागातलं प्रेशर थोडं उतरतं, तेव्हा उंचावरच्या घरांना पाणी चढतंय ना ते बघत बघत उतरवा.

आणि दुसरं, लेव्हल जरा उतरली की लगेच पंप लावणं बंद करा. टाकी बऱ्यापैकी उतरू द्या, मग एकदम सलग भरा. थोडं थोडं भरत राहिलं की येणारं पाणी टाकीत मिसळत नाही, सलग जोरात भरलं तर मिसळतं (याचं कारण पुढच्या पत्रात येतंय).

एवढं करूनही क्लोरीन टिकला नाही तर बाटलीची टेस्ट करा, फुकटची आहे. टाकीच्या इनलेटवरचं पाणी स्वच्छ, गडद रंगाच्या काचेच्या चार-पाच बाटल्यांमध्ये काठोकाठ भरायचं, बुच लावायचं, अंधारात पण टाकीइतक्याच तापमानाला ठेवायचं आणि दर काही तासांनी एकेक बाटली उघडून क्लोरीन मोजायचा. बाटलीतही टाकीइतकाच भराभर उतरला तर दोष पाण्याचा आहे, फिल्टरकडे जा. बाटलीत टिकला आणि टाकीत उतरला तर दोष टाकीचा, म्हणजे गाळ, थर किंवा मिसळण्याचा प्रश्न. डोस वाढवण्याचा सल्ला देणाऱ्या कुणीही ही टेस्ट केलेली नसते, हे मी पैजेवर सांगते.

प्रश्न : आमच्या टाकीला एकच पाइप आहे, त्यातूनच भरते आणि त्यातूनच खाली सप्लाय होतो. मी रोज सकाळी पंप चालू असताना टाकीखालच्या नळावर क्लोरीन घेतो, रोज ०.५ च्या वर मिळतो, रजिस्टर बघा एकदम क्लीन. तरी लोक म्हणतात की दुपारनंतर पाण्याला वास येतो आणि लॅबवाल्यांनी संध्याकाळी येऊन सॅम्पल घेतलं तर क्लोरीन नील. लॅबचं चुकतंय का माझं?

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे, दोघांनी वेगवेगळं पाणी मोजलंय. पंप चालू असताना त्या पाइपातून काय चाललंय? पंपाकडून टाकीकडे ताजं पाणी. म्हणजे तुम्ही रोज सकाळी टाकीत जाणारं पाणी मोजताय, टाकीतून येणारं नाही. टाकीतलं मोजायचं तर पंप बंद असताना, टाकी उतरत असताना, आणि तेही उतरायला लागून बराच वेळ झाल्यावर मोजायला हवं. कारण एकाच पाइपच्या टाकीत जे शेवटी आत गेलं तेच आधी बाहेर येतं. कपाटात धुतलेल्या कपड्यांची घडी वर ठेवायची आणि रोज वरचाच कपडा काढून अंगात घालायचा, तळाचा शर्ट दिवाळी ते दिवाळी तिथेच, तसं हे. सुरुवातीला ताजं पाणी परत येतं म्हणून सकाळी तक्रार नाही, दुपारनंतर आतलं म्हातारं पाणी खाली उतरायला लागतं आणि वास सुरू.

रजिस्टरमध्ये त्यामुळे आणखी एक रकाना वाढवा, सॅम्पल घेताना टाकी भरत होती की उतरत होती. एवढ्या एका रकान्याने मागच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ बदलतो.

यात अजून एक भानगड असते, तापमानाची. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापलेलं आणि खालून येणारं जमिनीतल्या पाइपातलं गार. गार पाणी जड, ते तळाशी बसतं आणि तळाच्याच पाइपने परत खाली जातं, वरचं गरम पाणी आपलं वर तरंगत राहतं. फरक फार लागत नाही, एखाद्या अंशाचाही पुरतो. उंच आणि अरुंद टाकीत, म्हणजे जिची उंची व्यासापेक्षा जास्त आहे अशा टाकीत, हे जास्त होतं. तपासायला सोपं आहे : दोरीला वजन आणि थर्मामीटर बांधून वर, मध्ये आणि तळाशी तापमान घ्या आणि तिन्ही ठिकाणचं पाणी काढून क्लोरीनही बघा. वर गरम आणि क्लोरीन नाही, खाली गार आणि क्लोरीन भरपूर, असं दिसलं की समजायचं टाकीत एकावर एक दोन टाक्या झाल्यात.

उपाय? सगळ्यात स्वस्त उपाय इनलेटचं तोंड. पाणी टाकीत शिरताना जोराची धार पाहिजे, ती धारच आजूबाजूचं पाणी ओढून ढवळते. तितकंच पाणी येत असताना तोंडाचा व्यास निम्मा केला तर वेग चौपट होतो, म्हणून इनलेटच्या टोकाला रिड्यूसर बसवतात. पंपावर थोडा जास्तीचा भार येतो, तो आधी तपासा. धार समोरच्या भिंतीवर किंवा खांबावर आपटेल अशी ठेवू नका, तिथेच मरते ती, लांबवर मोकळा प्रवास मिळाला पाहिजे. एकच पाइप असला तरी आतल्या बाजूला त्याला दोन फाटे काढून दोन्हीला एकदिशा व्हॉल्व्ह बसवता येतात, एका फाट्याने वरच्या दिशेला धार आत, दुसऱ्या फाट्याने टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून खाली. हे काम टाकी रिकामी केलेली असताना करून घ्या, म्हणजे वेगळा शटडाउन लागत नाही. मोठ्या किंवा फार उंच टाकीत धारेने भागलं नाही तर विजेवर किंवा सोलरवर चालणारे मिक्सर मिळतात, पण ती शेवटची पायरी, पहिली नाही.

प्रश्न : वरच्यासारखाच प्रॉब्लेम. आमचे कॉन्ट्रॅक्टर म्हणतात की टाकीच्या आत नागमोडी भिंती बांधल्या की पाणी फिरून फिरून जाईल आणि जुनं पाणी राहणार नाही. बांधू का?

उत्तर : नको. त्या बॅफल भिंती फिल्टरजवळच्या शुद्ध पाण्याच्या टाकीत कामाच्या असतात, तिथे क्लोरीनला संपर्कासाठी वेळ मिळावा आणि पाण्याने शॉर्टकट मारू नये एवढाच हेतू असतो. वाटपाच्या टाकीत तुम्हाला पाणी मिसळायला हवंय आणि भिंती नेमकी धार अडवतात, प्रत्येक कोपऱ्यात एक नवीन डबकं तयार होतं. पुढे गाळ काढायलाही तेच कोपरे छळतात.

प्रश्न : आमची टाकी उंच आहे, वर चढायला शिडी आहे पण कुणी चढत नाही. व्हेंटला (हवा जायच्या नळीला) जाळी बसवलेली आहे, झाकण आहे. खाली क्लोरीन टाकतो म्हटल्यावर वर एखादा पक्षी वगैरे बसला तर एवढं काय? आमच्या कमिटीत यावरून जोरात वाद झाला म्हणून विचारतेय.

उत्तर : वाद झाला हे चांगलं झालं. दोन खऱ्या घटना सांगते, दोन्ही अमेरिकेतल्या, दोन्हींची नीट चौकशी झालेली.

पहिली १९९३ ची, मिसुरी राज्यातलं गिडियन नावाचं छोटं गाव, वस्ती हजार-अकराशेची. विहिरीचं पाणी, क्लोरीन नाही. नोव्हेंबरात पाण्याच्या चवीची आणि वासाची तक्रार आली म्हणून नगरपालिकेने चांगल्या मनाने सगळे हायड्रंट (आग विझवायला लाइनवर ठेवलेले मोठे नळ) उघडून लाइन धुतली. थंडीची लाट येऊन टाकीतलं पाणी वरखाली झालेलं असावं असा अंदाज होता, आणि या धुण्यामुळे टाकीतलं ते सगळं पाणी जोरात ओढलं जाऊन गावभर पोचलं. टाकीच्या छताची झाकणं आणि व्हेंट धड नव्हते, आत पक्ष्यांची पिसं सापडली. साल्मोनेला नावाचा जुलाबाचा जंतू पसरला, शेकडो लोक आजारी पडले आणि वृद्धाश्रमातले सात जण गेले. दुसरी २००८ ची, कोलोरॅडोतलं अलमोसा. तिथेही पाण्याला क्लोरीन नव्हता, जमिनीलगतच्या टाकीला तडे आणि भोकं होती, जनावरांची किंवा पक्ष्यांची घाण त्यातून आत गेली असावी असा चौकशीचा निष्कर्ष. नोंद झालेले रुग्ण चारशेच्या वर, एकाचा मृत्यू.

तुमच्याकडे क्लोरीन आहे, त्यामुळे तुम्ही त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहात हे खरं. पण टाकीत पोचेपर्यंत तुमचा क्लोरीन उरलाय किती? पहिल्या पत्रातल्या भावासारखा ०.१ असेल तर विष्ठेचा एक गोळा पडल्यावर तेवढ्या भागात तो क्षणात संपतो. वरची टाकी ही शुद्धीकरणानंतरची जागा आहे, तिथे पडलेल्या घाणीला पुढे नळाशिवाय थांबा नाही.

म्हणून चढायचं. स्वतः नाही, शिडी आणि सेफ्टी बेल्ट नीट असलेला माणूस चढवा आणि त्याला मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगा, प्रत्येक फोटोत एकच गोष्ट. झाकण : मॅनहोलच्या कडेला उभा कठडा पाहिजे, निदान चार बोटं तरी उंच, आणि झाकण त्या कठड्यावरून खाली उतरणारं पाहिजे, डब्याच्या टोपणासारखं. छताच्या पातळीला सपाट बसवलेलं झाकण म्हणजे पावसाचं पाणी थेट आत. कुलूप आहे का? रबरी पट्टी आहे की कुजलीय? व्हेंट : तोंड खाली वळलेलं पाहिजे, आणि जाळी. 'जाळी आहे' म्हणून भागत नाही, हात लावून बघायला सांगा. बऱ्याचदा मोठी जाळी असते, तिच्यातून चिमण्या अडतात पण डास आणि किडे सर्रास आत, आणि एका बाजूचा स्क्रू निघून जाळी एका कोपऱ्यातून उघडी पडलेली असते, खालून बघितलं तर कळतच नाही. ओव्हरफ्लो पाइप हा सगळ्यात विसरलेला दरवाजा. त्याचं खालचं तोंड जमिनीपासून फूट-दोन फूट वर उघड्यावर संपलं पाहिजे, त्याला जाळी किंवा झडप पाहिजे, आणि तो कधीही गटाराला जोडलेला नको. छतावर पाणी साचतं का, केबलसाठी पाडलेली भोकं बुजवलीत का, तेही बघून घ्या. मोबाइलचे अँटेना लावायला टाकीवर येणारे लोक भोक पाडून जातात आणि बुजवायचं राहतं, हा नेहमीचा अनुभव आहे.

चढून बघणं महिन्यातून एकदा जमलं तर उत्तम, नाहीतर निदान दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक वादळानंतर.

प्रश्न : टाकी किती दिवसांनी धुवावी? आणि धुतल्यावर टीसीएल नक्की किती टाकायचं, प्रत्येक जण वेगळं सांगतो. आमची पण ४ लाख लिटरचीच टाकी आहे.

उत्तर : धुण्याची तारीख कॅलेंडर बघून नाही, तळ बघून ठरवायची. आतून पूर्ण तपासणी तीन ते पाच वर्षांत एकदा तरी झालीच पाहिजे असं मोठ्या योजनांमध्ये धरतात, पण ज्यांचं पाणी थोडं गढूळ येतं किंवा त्यात लोह-मँगेनीज आहे त्यांच्याकडे वर्षभरातच गाळाचा चांगला थर बसतो, त्यांनी दर वर्षी धुवावी, गरज पडली तर दोनदा. गाळ नुसता दिसायला वाईट नसतो, त्याच्या आत जंतू क्लोरीनपासून लपून राहतात.

धुण्याआधीची एक गोष्ट आधी, कारण तिच्यात माणसं मरतात. रिकामी टाकी ही बंदिस्त जागा आहे. लोखंडी टाकी बरेच दिवस बंद असली तर गंज चढता चढता आतला ऑक्सिजन खातो, सडलेल्या गाळातून विषारी वायू निघतो, आणि आत टीसीएल फवारलं की क्लोरीनचा धूर. झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवा, ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही, उतरणाऱ्याला दोरी आणि बेल्ट, आणि बाहेर एक माणूस ज्याचं काम फक्त आतल्याकडे बघणं. आतला बेशुद्ध पडला तर बाहेरच्याने तसंच आत उडी घ्यायची नाही, दोरीने ओढायचं आणि मदत बोलवायची. एकामागून एक माणसं जातात ती याच उडीने.

मग भिंती, खांब, तळ ब्रशने आणि प्रेशरच्या पाण्याने घासा, छताची खालची बाजू विसरू नका. पाण्याच्या लेव्हलच्या वर वाफ आणि क्लोरीन सतत लागून तिथलं काँक्रीट सोलवटतं, सळई उघडी पडते आणि गंजाचे पापुद्रे पाण्यात पडत राहतात. घाण पाणी वॉशआउटने (तळ रिकामा करायच्या पाइपने) बाहेर, आउटलेटने अजिबात नाही, आउटलेटचा व्हॉल्व्ह आधीच घट्ट बंद केलेला पाहिजे.

आता टीसीएल. प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण पद्धती तीन आहेत. एक, टाकी पूर्ण भरून सगळ्या पाण्यात १० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन करायचा आणि २४ तास ठेवायचं. तुमच्या ४ लाख लिटरला ४ किलो शुद्ध क्लोरीन लागेल, आणि टीसीएलमध्ये ताजं असताना साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो म्हणजे १२ किलो पावडर. दोन, टाकी न भरता २०० मिलिग्रॅमचं तीव्र द्रावण ब्रशने किंवा फवाऱ्याने सगळ्या पृष्ठभागांवर लावायचं आणि अर्धा तास ते ओलं राहू द्यायचं. १०० लिटर पाण्याला ६० ग्रॅम टीसीएल. पाणी वाचतं पण आत मास्क लावून काम करावं लागतं. तीन, टाकीच्या पाच टक्के पाण्यात ५० मिलिग्रॅम करून ६ तास ठेवायचं, मग त्यातच चांगलं पाणी भरून टाकी फुल करून २४ तास ठेवायचं आणि शेवटी निदान २ मिलिग्रॅम उरतोय का बघायचं.

पावडर कोरडी टाकीत ओतायची नाही. ड्रममध्ये कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी वापरा. आणि ते ३३ टक्के फक्त सीलबंद ताज्या पावडरीचे, तोंड उघडं राहिलेल्या दमट गोणीतली पावडर बऱ्याचदा नुसता चुना असतो, म्हणून टाकल्यावर मोजा, हिशोबावर विसंबू नका. जास्त क्लोरीनचं ते पाणी सोडताना ओढ्यात-तळ्यात नको, मासे मरतात, आधी त्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारा. टाकी परत चालू करायच्या आधी जंतूंची टेस्ट, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. सॅम्पलची बाटली लॅबकडूनच घ्या, तिच्यात थायोसल्फेट घातलेलं असतं. घरची धुतलेली बाटली वापरली तर लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन आतल्या आत जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच छान येतो.

प्रश्न : क्लोरीनच्या वासाच्या तक्रारी फार येतात, डोस कमी करावा का? उलट आमचे एक सदस्य म्हणतात जितका जास्त तितकं सेफ.

उत्तर : दोघांनाही नाही. काहींना ०.३ इतक्या कमी क्लोरीनचीही चव लागते, त्यामुळे तक्रार आली म्हणजे डोस जास्तच आहे असं होत नाही. गंमत म्हणजे उग्र वास बऱ्याचदा क्लोरीन कमी पडल्याचा असतो, अमोनियाशी अर्धवट जोडलेल्या क्लोरीनचा. डीपीडीने (क्लोरीन मोजायच्या रंगाच्या टेस्टने) मोकळा आणि एकूण असे दोन्ही मोजा, दोघांत मोठा फरक असेल तर ही भानगड आहे. आणि जास्त तितकं सेफ म्हणणाऱ्यांना सांगा, क्लोरीन आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची नको असलेली रसायनं होतात, आणि पाणी टाकीत जितकं जास्त राहील तितकी ती वाढतात. म्हणून टाकीत वेळ कमी करणं हा एकच उपाय असा आहे की ज्याने क्लोरीनही टिकतो आणि ही रसायनंही आटोक्यात राहतात. टेल एंडला खरंच पोचत नसेल तर सुरुवातीला भडिमार करण्यापेक्षा टाकीवरच छोटा डोसर बसवून तिथे थोडा टॉप-अप द्या, लाख लिटरला ०.५ वाढवायला दीडशे ग्रॅम टीसीएल पुरतं.

प्रश्न : नवीन काँक्रीटची टाकी, पहिल्यांदाच भरली. क्लोरीन ०.६ असूनही लॅबने पाणी नापास केलं. कसं काय?

उत्तर : पीएच मोजला का? नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पीएच चढतो. पीएच ७.५ ला क्लोरीनमधला साधारण निम्मा भाग जोरकस रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा. क्लोरोस्कोप दोन्ही रूपं एकत्र मोजतो, म्हणून तुम्हाला ०.६ दिसला पण मारणारा त्यातला फार थोडा होता. टाकी दोन-तीनदा भरून, काही दिवस ठेवून, ओतून टाका आणि पीएच ८ च्या खाली येईपर्यंत सप्लायला जोडू नका. आतून रंग किंवा कोटिंग दिलं असेल तर तेही पूर्ण वाळलंय ना बघा, नाहीतर पुढची तक्रार रंगाच्या वासाची येईल.

प्रश्न : कधीकधी अचानक लालसर-काळं पाणी येतं, तासाभराने परत चांगलं. टाकी तर मागच्याच वर्षी धुतली. पाइपलाइन बदलावी का?

उत्तर : एवढ्यात खर्चात पडू नका. ते पाणी कधी येतं याची वेळ लिहून ठेवा आणि त्याच्या शेजारी टाकीची लेव्हल लिहा. लेव्हल फार खाली गेली तेव्हाच येत असेल तर तळाचा गाळ ओढला जातोय. आउटलेटचं तोंड तळापासून निदान वीतभर वर असायला हवं, बऱ्याच टाक्यांमध्ये ते तळाशी सपाट असतं. पुढच्या धुण्यात तिथे वीतभर उंचीचा, काढता येणारा पाइपचा तुकडा बसवून घ्या, आणि तोपर्यंत खालची लेव्हल दोन फुटांच्या आत जाऊ देऊ नका. लेव्हल चांगली असतानाही येत असेल, आणि ते नेमकं पंप चालू झाल्यावर किंवा कुणी मोठा व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यावर येत असेल, तर मात्र गाळ पाइपात आहे. तेव्हा व्हॉल्व्ह हळू उघडायची सवय लावा आणि टाकीच्या बाजूने सुरुवात करून एकेक भाग टोकाकडे धुवत जा, उलट्या दिशेने नाही, नाहीतर धुतलेल्या पाइपात परत वरची घाण येते. आणि गिडियनचं आठवून, लाइन धुवायच्या आधी टाकी वरून बघून घ्या.